दारामागचा भार

तो दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगतो. मी सुतार माणूस. दार अडलं की लोकांना माझी आठवण येते. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी बोलावलं. "मिस्त्री, आतल्या खोलीचं दार उघडत नाहीये."

आभाळ भरलेली दुपार होती. घरात ते एकटेच. बायको मुलीला घेऊन भावाकडे निघून गेली होती, हे गल्लीला ठाऊक होतं. का गेली, तेही. भिंतींना कान असतात म्हणतात. त्यांच्या ओरडण्याला तेवढ्या कानांचीही गरज नव्हती.

मी दार पाहिलं. कडी उघडी, कुलूप नाही, लाकूड फुगलेलं नाही. फक्त खालच्या फळीला लाथेने गेलेला तडा. ढकललं तर दार बोटभर आत गेलं... आणि हळूच परत आलं. कुणीतरी आतून पाठ लावून बसल्यासारखं. फटीतून ओल्या उशीसारखा कोंदट वास आला.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही हो!" ते खेकसले आणि दारावर मूठ आपटली. "उघड म्हणतो ना!"

दार आणखी घट्ट झालं. मग आतून दबकी, चिमुकली कुजबुज आली, "आई... बाबा गेले का?"

औषधवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, पोरगी तिच्या शेजारीच चित्र काढत बसलीय. फोनमध्ये पोरीचा आवाज आला, आणि त्याच क्षणी दारामागे कुणीतरी श्वास रोखला.

ते मटकन खाली बसले. "त्या दोघी अशाच दाराला पाठ लावून बसायच्या, मिस्त्री... मला वाटायचं, रुसल्यात." मग म्हणाले, "हे घालवायला कुणाला बोलावू?"

"बोलावून भागायचं नाही, भाऊ. तुम्हालाच डॉक्टरांकडे जावं लागेल."

"साऱ्या गल्लीला औषधं मी देतो. मनाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही माझ्याकडेच येतात." हसायला गेले आणि रडू फुटलं. फोन अजून चालूच होता. "ऐकतेस? परत ये म्हणत नाही. मी डॉक्टरांकडे चाललोय. हे माझ्यामुळे झालं... रागामुळे नाही, माझ्यामुळे."

पलीकडून फक्त हुंदका आला.

दुकान बंद ठेवून ते गेले, आणि पुढेही जात राहिले. बायको परतली नाही. मुलीला मात्र अधूनमधून बागेत भेटू देते. पोरगी अजून लांबूनच हात हलवते.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला पुन्हा बोलावलं. दार आपणहून सताड उघडलं होतं. आत धूळ आणि रिकामा पलंग. दाराजवळच्या गारठलेल्या फरशीवर मी हात टेकला. दोन जागा उबदार लागल्या, कुणी नुकतंच उठून गेल्यासारख्या. एक मोठी, एक लहान.

आणि पार कोपऱ्यात तिसरी, त्याहूनही लहान.

"ही कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला. "माझे वडीलही याच घरात असेच ओरडायचे," ते म्हणाले... आणि अंधार पडेपर्यंत हात उचलला नाही.