सतराही निरोप त्यालाच

पोपटाने तिच्या कीबोर्डचं बटण उपटलं, तिथून या गोष्टीला सुरुवात झाली.

प्राण्यांच्या त्या दवाखान्यात तिचा तो पहिलाच दिवस. काउंटरमागच्या टेबलाशी ती जुना प्रोग्रॅम वाचत बसली होती... आणि एक हिरवागार पोपट भुर्रकन येऊन थेट कीबोर्डवर उतरला. मागोमाग एक उंच तरुण डॉक्टर धावत आला. त्याच्या पांढऱ्या कोटाला जागोजागी चोचीची भोकं पडलेली.

"चावला का?"

"मला नाही. एंटरला."

त्याने पोपटाच्या चोचीतून बटण सोडवलं, कोटाला पुसलं आणि मोडलेलं हाड बसवावं इतक्या हळुवारपणे जागेवर बसवलं. बोटं छान होती त्याची. हे तिने पाहिलं आणि लगेच स्क्रीनकडे बघायला लागली.

"तुम्ही नव्या इंजिनिअर ना? मग माझी तक्रार ऐका. मी पक्ष्यांचा डॉक्टर. महिना झाला येऊन, पण पेशंट आल्याचा निरोप मला कधी मिळतच नाही. परवा एक आजी मांडीवर कोंबडी घेऊन दीड तास बसून होत्या... आणि मी वर माशा मारत!"

तिने प्रोग्रॅम वरखाली करून पाहिला आणि तिला हसू आलं. "कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही अजून जन्मालाच आला नाहीत."

"आईला कळवायला हवं. तिचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो."

मग तिने त्याला नीट समजावलं. प्रोग्रॅममधलं ऑब्जेक्ट म्हणजे एक निरोप्या समजा. मेथड म्हणजे त्याला येणारं एकेक काम. दातांच्या डॉक्टरांना निरोप देणं ही एक मेथड, हाडांच्या डॉक्टरांना देणं ही दुसरी. कुणीतरी पूर्वी हाताने अशा चारच लिहून ठेवलेल्या. हा पाचवा.

"मग पाचवी लिहा ना. माझ्यासाठी एवढंही नाही करणार?"

"आणि उद्या सहावा आला तर? त्यापेक्षा निरोप्यालाच शहाणं करते. रोज सकाळी प्रोग्रॅम सुरू झाला की तो डॉक्टरांची यादी वाचेल आणि जितकी नावं तितक्या मेथड्स तिथल्या तिथे स्वतःच तयार करेल. कुणी आधी लिहून ठेवायला नको."

"म्हणजे मी फक्त यादीत असलो की झालं?"

"झालं. आहात तुम्ही. सगळ्यात शेवटी... नवे म्हणून."

"शेवटी तर शेवटी," तो म्हणाला. "तुमच्या यादीत आहे ना!" आणि पोपटाला खांद्यावर घेऊन जिना चढून गेला. ती किती तरी वेळ एंटरच्या बटणावर बोट ठेवून बसली होती.

दवाखाना ज्यांचा, त्या मोठ्या बाईंना असले शहाणे निरोपे फारसे पटत नव्हते. "तीन आठवडे देते," त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "त्यानंतरच्या सोमवारी सुरू करायचं. चाललं तर तू कायम. नाही चाललं तर जुनंच परत आणायचं, आणि तू दुसरीकडे काम बघायचंस."

पहिल्या दिवशी तिला वाटलं, गेलं तर गेलं, नोकऱ्या काय कमी आहेत! तिसऱ्या आठवड्यात तसं वाटेना. तोवर तो दिवसातून चारदा काहीबाही निमित्त काढून खाली यायचा. तिच्या टेबलावर सूर्यफुलाच्या बिया सापडायच्या, वहीत पिसं सापडायची. दुपारी ताईचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आज पोपटवाला किती वेळा आला?"

"मी मोजत नाही गं," ती म्हणायची. अर्थात मोजायची.

शनिवारी काम पुरं झालं. तिने तपासायला एक निरोप पाठवला, 'पोपटाला नमस्कार.' वर त्याचा फोन वाजला, जिन्यावरून त्याचं हसणं ऐकू आलं. मग दुसरा... मग तिसरा. दर वेळी निरोप बिनचूक पोचत होता. तिचा आनंद गगनात मावेना.

सोमवारी साडेदहाला तो धापा टाकत तिच्यापुढे उभा राहिला. एका काखेत मांजराची टोपली, हातात थरथरणारा फोन.

"इंजिनिअर, तुमच्या निरोप्याचा माझ्यावर भलताच जीव जडलाय. दातांचे, हाडांचे, डोळ्यांचे... सगळ्यांचे निरोप मलाच!"

"बाईंना कळलं?"

"कुणालाच नाही. मी दारोदार फिरून ज्याचा त्याला निरोप सांगतोय. आतापर्यंत बावीस झाले. तुम्ही दुरुस्त करा, मी जिने सांभाळतो." आणि गेलासुद्धा.

चूक दहा मिनिटांत सापडली. पाचही मेथड्स तयार झाल्या होत्या, पण नाव कुणीच आपल्यापाशी ठेवलं नव्हतं. सगळ्या एकाच पाटीकडे बघत होत्या. पाटीवर दर वेळी आधीचं नाव पुसून पुढचं लिहिलं जात होतं, आणि यादी वाचून संपली तेव्हा पाटीवर शेवटचं नाव उरलं होतं. त्याचं. प्रत्येक मेथडच्या हाती तिच्या डॉक्टरच्या नावाची स्वतंत्र चिठ्ठी द्यायला हवी होती. तिने ती दिली, आणि मान वर केली तर समोर मोठ्या बाई. मागे, मांजरासकट तो.

"हे पक्ष्यांचे डॉक्टर सकाळपासून मांजरं घेऊन का पळताहेत?"

"व्यायाम, बाई," तो म्हणाला.

"नाही," ती उठून उभी राहिली. "माझी चूक झाली. सगळ्यांचे निरोप यांना जात होते. आता दुरुस्त केलंय."

"आधी तपासलं नव्हतंस?"

"तपासलं होतं. सतरा वेळा."

"मग?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिला त्याच्यासमोर खोटं बोलवेना. "सतराही वेळा मी निरोप... यांनाच पाठवला. बाकी कुणाला पाठवून बघायचं सुचलंच नाही मला."

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. तो टोपली छातीशी धरून नुसता बघत राहिला.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आता सगळ्यांना पाठव. माझ्यासमोर."

तिने पाठवले. पाच निरोप, पाच फोन. एक वरच्या मजल्यावर वाजला, एक एक्स-रेच्या खोलीत, एक मागच्या अंगणात, एक काउंटरपाशी, आणि एक मांजराच्या टोपलीखाली.

"चूक लपवली असतीस तर आजच घरी पाठवलं असतं," बाई म्हणाल्या. "राहा आता. कायम. आणि यापुढे तपासताना बाकीच्या चौघांचीही आठवण ठेव." जाताना त्या हसत होत्या की काय, ते पाठीवरून कळलं नाही.

दोघंच उरले. तो उगीच टोपलीची कडी चाळवत होता.

"सतराही मिळाले मला," तो शेवटी म्हणाला. "एकही पुसला नाही. मला वाटलं, सगळ्यांनाच येत असतील... म्हणून काही बोललो नाही."

"आणि मला वाटलं, तुम्ही नुसती थट्टा करता."

"बावीस वेळा जिना कोण थट्टेने चढतं?"

ती खाली बघून हसली. मग खुर्चीत बसली आणि काहीतरी टाइप करून एंटर दाबलं. त्याचा फोन थरथरला. 'पाच वाजता सुटते. चहाला येतोस?'

त्याने ते वाचलं. मग बोट ओठांवर ठेवून जिन्याकडे कान लावला. वरच्या मजल्यावर शांतता, अंगणात शांतता. दुसरा एकही फोन वाजला नाही.

"मला एकट्यालाच आला," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "या वेळी चुकून नाही."