कंसातला चेलो

त्या दिवशी मी चुकीच्या मजल्यावर शिरले नसते, तर आज मला वाळवीबद्दल बरंच काही माहीत असतं.

माझं काम असं, की समोरचा बोलतो आणि मी त्याच क्षणी ते टाइप करते. ज्यांना ऐकू येत नाही, ते पडद्यावर वाचतात. सभा, व्याख्यानं, कोर्टातल्या सुनावण्या... सगळं करते. बोटं इतकी सरावलीत, की डोकं जाग्यावर नसलं तरी चालतात. नियम एकच. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही.

वाचनालयाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वाळवीवर व्याख्यान होतं, आणि मी घाईत पहिल्याच मजल्यावरच्या हॉलमध्ये घुसले. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. वाळवीला आणखी कोण येणार, म्हणत मी प्रोजेक्टरची वायर जोडली. समोरचा माणूस बोलायला लागला आणि मी सवयीने सुरू झाले.

"लिफ्ट बंद पडली की माणसं आधी बटण दाबतात," तो म्हणाला. "मग दार. मग नाइलाजाने... एकमेकांकडे बघतात."

वाळवी येईल, मी मनात म्हटलं, प्रस्तावना चालू असेल.

"सहा वर्षं एकाच जिन्यावर राहणारी दोन माणसं. वीस मिनिटं अडकली, तेव्हा कुठे एकमेकांना नाव विचारलं."

आणि खालून एक सूर उठला. त्याच्या शेजारी एक मुलगी चेलो घेऊन बसली होती. व्हायोलिनची थोरली बहीण शोभावी असं ते वाद्य, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं. ते गाणं नव्हतं. कविता म्हणावी, तर तो काही वाचत नव्हता, शेजारी बसून बोलावं तसा बोलत होता. त्याचं वाक्य थांबलं तरी सूर थांबायचा नाही, दोन पावलं पुढे जाऊन त्याची वाट बघायचा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दहा वर्षं मी माणसांचं बोलणं टिपतेय, पण बोलण्याचं असंही काही होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात त्याने सहज मागे वळून भिंतीकडे पाहिलं. त्याची वाक्यं तिथे एकाखाली एक उमटत होती.

"हे माझ्या मागे कोण लिहितंय?" तो म्हणाला.

मी तेही लिहिलं. हॉल हसला.

"मीच," मी उभी राहिले. "वाळवीवाले तुम्हीच ना?"

"मी लिफ्टवाला. लिफ्ट दुरुस्त करतो. वाळवी वर आहे. तुम्ही एक मजला आधीच थांबलात."

"जिन्याने आले..."

"तरीच! लिफ्टने आला असतात तर चुकला नसतात. कालच मी नीट केलीय."

मी वायर उपटली आणि पळाले. वाळवीच्या व्याख्यानात तीन वेळा चुकले.

व्याख्यान संपवून बाहेर आले, तर तो जिन्यात उभा. हातात माझी विसरलेली ओढणी, नीट घडी केलेली.

"ह्याला स्पोकन वर्ड म्हणतात," तो म्हणाला. "मी बोलतो, ती वाजवते. मला एक विचारायचं होतं... माझ्या ताईला ऐकू येत नाही. चार वर्षांपूर्वी तापात कान गेले. तेव्हापासून मी काय करतो ते तिने ऐकलेलं नाही. तुम्ही दर रविवारी तालमीला याल? फक्त तिच्यासाठी?"

माणसाने इतकं सरळ विचारावं आणि आपण नाही म्हणावं, एवढा माझा जीव घट्ट नाही.

ताई पडदे शिवायची. तिच्या दुकानामागच्या खोलीतच तालीम चालायची, चहूबाजूंना कापडाचे गठ्ठे आणि मध्ये आम्ही चौघं. ताई टॅबलेट मांडीवर घेऊन बसायची आणि मी लिहिलेलं त्यावर वाचायची. संगीत आलं की मी कंसात लिहायचे, [संगीत सुरू]. पहिल्याच रविवारी ताई कडाडली. ऐकू येणं गेल्यापासून तिचा आवाज दुप्पट झाला होता.

"सुरू म्हणजे काय? पंखा सुरू, नळ सुरू, तसं? अगं, कसं वाजतंय ते लिही की!"

मग मी तसं लिहायला लागले. [चेलो: खालच्या सुरात, जड पावलांनी.] [चेलो: एकदम हलका, खिडकी उघडल्यासारखा.] ताई वाचायची आणि डोळे मिटून मान डोलवायची. तिचे कान म्हणजे माझे ते कंस होते.

आणि तो? तो वाक्य संपलं की माझ्या बोटांकडे बघायचा. बोटं थांबली की मगच पुढचं वाक्य घ्यायचा. तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कळफलकाच्या आवाजावरून त्याने माझं नावच पाडलं, टकटक.

"टकटक, आज हळू बोलू की जोरात?"

"तू कसाही बोल. मी पकडते."

"हो? मग मी जपून राहायला हवं..."

असं काही बोलून तो खुशाल कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसायचा, आणि मी पुढची पाच मिनिटं नुसत्या स्पेसबारवर काढायचे.

सगळं कसं छान चाललं असतं. पण ती चेलोवाली होती ना!

बोलायला सुरुवात करण्याआधी तो तिच्याकडे बघायचा. ती मान हलवायची, दोघं एकदम श्वास घ्यायची, आणि मगच शब्द निघायचा. एकदम! मी त्याचे सगळे शब्द लिहायचे, पण तो श्वास काही मला लिहिता येत नव्हता. शिवाय ती दिसायला सुंदर होती, उशिरा यायची, कोणी काही बोलायचं नाही. एकदा त्याच्या बाहीचं बटण लोंबत होतं, ते तिने खेचून काढलं आणि त्याच्याच खिशात टाकलं. एवढंच. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी जाऊन मी माझ्या सगळ्या कपड्यांची बटणं तपासली, सगळी घट्ट होती.

पुढच्या रविवारी माझ्या बोटांनी लिहिलं, [चेलो: जरा जास्तच गळा काढतो.]

मी ते पाहिलं. खोडायला एक क्षण पुरला असता. मी खोडलं नाही.

मग चटकच लागली. [चेलो: मध्येच लुडबुडतो.] [चेलो: शब्दांच्या अंगावर रेलतो, दूर होत नाही.] टॅबलेट ताईच्या मांडीवर, बाकीच्यांना दिसायचा प्रश्न नव्हता. आणि खरं सांगू? त्या तिन्ही रविवारी ती मुलगी फार सुरेख वाजवत होती. तेच तर पोटात दुखत होतं. ताईची मान डोलायची थांबली, कपाळावर आठ्या आल्या, आणि मला आतून बरं वाटलं. किती नीच बरं!

कार्यक्रम आठवड्यावर आला. तालीम संपली आणि ताईने टॅबलेट खाली ठेवला.

"एक बोलू?" ती भावाला म्हणाली. "ह्या पोरीला घेऊ नकोस कार्यक्रमात."

चेलोवालीचा हात तारेवर तसाच राहिला.

"ताई, काय बोलतेस?" तो तिच्यासमोर जाऊन ओठ नीट दिसतील असं म्हणाला. "ती उत्तम वाजवते."

"तू प्रेमाने म्हणतोस. मी गेले तीन रविवार वाचतेय. रडवेलं काय, लुडबुड काय... तुझं बोलणं झाकून टाकते ती. मला कळत नाही असं समजू नकोस, टकटक सगळं लिहिते. ती कशाला खोटं लिहील?"

 चेलोवालीने वाद्याची पेटी उघडली आणि पुसायच्या फडक्याने तारा पुसायला लागली, अगदी सावकाश. मग मला म्हणाली, "तुला खरंच तसं ऐकू आलं का? सांग ना. मी सुधारेन."

मला हवं होतं तेच घडत होतं. मी गप्प बसायचं, बस्स. ती पेटी मिटणार, निघून जाणार, आणि त्या श्वासाची जागा रिकामी होणार. पण "मी सुधारेन" म्हणताना तिचा आवाज कापला. आणि ताई माझ्याकडे बघत होती, कानांवर ठेवावा तेवढा विश्वास ठेवून.

मी कळफलक ओढला. तोंडाने बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून फक्त ताईसाठी लिहिलं.

ताईने टॅबलेट उचलला. वाचला. मग भावाकडे वळून म्हणाली, "ऐक रे. पोरीवर आळ मी घेतलाय, तर हे सगळ्यांनी ऐकायला हवं." आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली, "ताई, चेलो फार चांगला वाजतो. पहिल्या दिवसापासून. मी खोटं लिहिलं. हा तिच्याकडे बघून श्वास घेतो, ते मला सहन होत नाही. मला हा आवडतो. तिच्याएवढी मी त्याच्या जवळ नाही, म्हणून मी जळले. आणि तुमचे कान वापरले. माफ करा."

शेजारच्या दुकानात कात्री थांबल्याचं मला ऐकू आलं.

मी सामान भरायला लागले. तो माझ्या टेबलापाशी आला, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"माझ्याशी खोटं बोलली असतीस तर मी भांडून मोकळा झालो असतो," तो हळू म्हणाला. "पण ताईशी? चार वर्षांनी तिने काहीतरी ऐकलं होतं, टकटक."

 माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, थेट टेबलावर.

"रडून काय होणार?" ताई गरजली. "बस खाली! पहिल्यापासून करा सगळं. मला खरा चेलो ऐकायचाय. आणि ए पोरी, तुझ्यावर उगाच घसरले, राग मानू नकोस."

चेलोवालीने माझ्याकडे पाहिलं. "आता नीट लिही," ती म्हणाली. तिला लागलं होतं, ते दिसत होतं. तरी तिने वाद्य उचललं.

त्यांनी एकदम श्वास घेतला. मला टोचलं, अजूनही टोचलं. मी लिहिलं, [दोघं एकत्र श्वास घेतात.] मग चेलो आला. मी जे ऐकलं ते सगळं लिहिलं, हात न राखता. मध्यावर ताईने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून गालावर ओघळ आला. असं रडू मी तिच्यापासून तीन आठवडे लपवून ठेवलं होतं.

लिफ्टमधली दोन माणसं सुटली. तुकडा संपला. पण तो हटला नाही. तिच्याकडे न बघता, श्वासही न जुळवता, माझ्या बोटांकडे बघत बोलायला लागला.

"ह्यापुढचं मी लिहून आणलेलं नाही. मला तुझा राग आलाय. उद्याही असेल बहुतेक. पण तिच्याबरोबर मी सुरू करतो फक्त... थांबतो ते तुझ्यासाठी. प्रत्येक वाक्याला. तुला एवढं सगळं ऐकू येतं, तेवढं आलं नाही? मला तू आवडतेस, टकटक. त्या जिन्यात ओढणीची घडी घालत होतो ना, तेव्हापासून."

दहा वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं मागे पडली.

"काय म्हणाला?" ताई टॅबलेट थोपटत ओरडली. "अगं, लिही ना! तोंड हलतंय त्याचं, आणि इथे कोरं!"

लिहिण्यावाचून सुटका नव्हती. त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीसाठी मी ते एकेक वाक्य लिहिलं, जसंच्या तसं, पदरचा एकही शब्द न घालता. कानशिलं तापली होती. तो थांबला होता, माझी बोटं थांबेपर्यंत.

ताईने वाचलं. मान वर केली.

"हे मला महिनाभर दिसतंय," ती म्हणाली. "चेलोचं काय ते सांग!"

मी वळून पाहिलं आणि लिहिलं, [चेलो थांबलाय. वाजवणारी हसतेय.]