छत नसलेली खोली

मुलांनो, जरा डोळे मिटा. आकाशात एक खोली आहे असं समजा. तिला भिंती नाहीत, दार नाही. छत तर नाहीच. कितीही उंच गेलात तरी ती संपत नाही. तिथे सैन्य रॉकेटं उडवून बघतं. म्हणून नियम एकच. सैन्याला विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही.

पण विचारायचं कोणी?

वैमानिकाला वाटतं, खाली बसून विमानांना वाट दाखवणारा कंट्रोलर विचारेल. कंट्रोलरला वाटतं, वैमानिकाने विचारलंच असेल.

या वाटण्यातून एका दुपारी जे घडलं, ते खरं आहे. ज्या घरात घडलं त्या घरच्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चहा तसाच गार झाला. हसायचं तर खुशाल हसा.

विमानतळामागच्या वसाहतीत, वरच्या मजल्यावर, बिट्टी चित्र रंगवत बसली होती. शाळेला सुट्टी होती. शेजारच्या काकू मधूनमधून डोकावून जायच्या. बिट्टीचे बाबा कंट्रोलर. बदलीचा माणूस आला नाही, म्हणून दुसरी पाळीही त्यांच्याच गळ्यात पडली होती. बिट्टीकडे एक छोटा रेडिओ होता. त्यावर बोलता यायचं नाही, फक्त बाबांचं विमानांशी चाललेलं बोलणं ऐकता यायचं.

आज बाबांचा आवाज फार दमलेला होता.

मग आत्याचा आवाज आला. आत्या वैमानिक, आणि तिच्या मागे विमानभर माणसं.

"समोर ढग फार आहेत. उजवीकडून येऊ का?"

"या उजवीकडून," बाबा म्हणाले.

"उजवीकडून येते."

या कामात ऐकलेलं परत म्हणून दाखवावंच लागतं, म्हणजे चूक राहत नाही. पण जे कोणी बोललंच नाही, ते परत कोण म्हणणार?

उजवीकडे ती खोली होती.

रेडिओची खरखर थांबली...

पंख्याचाही आवाज येईना.

आणि कोणीतरी म्हणालं,

"विचारलंत का?"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. जणू हेच विचारून विचारून घसा बसलेला.

"कोण बोलतंय?" बाबा दचकले. "तुमचं विमान मला दिसत नाही."

रडारच्या पडद्यावर त्या खोलीत एकही ठिपका नव्हता, असं बाबा नंतर सांगायचे.

"विचारलंत का?"

तेव्हा कुठे बाबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "ताई, सैन्याला विचारलंस ना?"

"मी? अरे, ते तू विचारायचं!"

"डावीकडे वळ! लगेच!"

"डावीकडे वळते!"

थोड्याच वेळात खिडकीची तावदानं थरथरली. लांबवर धुराची पांढरी रेघ सरळ वर चढत गेली.

चढतच राहिली...

संध्याकाळी आत्या घरी आली. बाबा भिंतीला टेकून बसले होते.

"तू थोरली. तूच विचारायला हवं होतंस."

"हो का? दूध उतू गेलं की लहानपणीही हेच म्हणायचास!"

दोघं हसले.

"टेपवरचं सगळं बोलणं परत ऐकलं," बाबा म्हणाले. "मी आहे, तू आहेस. तो आवाज नाही."

"मी पण ऐकला," बिट्टी म्हणाली.

मग आत्या हळूच म्हणाली, "फार पूर्वी एक विमान त्या खोलीत गेलं होतं म्हणे. तेव्हाही कोणीच विचारलं नव्हतं. ते परत आलं नाही."

बाबांचा बसल्या जागी डोळा लागला. आत्या तोंड धुवायला गेली. रेडिओ कोपऱ्यात पडून होता. त्यातली बॅटरी बिट्टीने स्वतः काढून ठेवली होती.

तरी तो बोलला...

"विचारलंत का?"

बिट्टीच्या अंगावर काटा आला. पण भीतीपेक्षा तिला वाईटच जास्त वाटलं. इतकं दमून विचारतोय हा माणूस, आणि कोणी त्याला साधं उत्तरही दिलं नाही.

तिने रेडिओ तोंडाशी धरला. "विचारलं हो, आजोबा. आता तुम्ही घरी या."

रेडिओ खरखरला...

मग, नियमाप्रमाणे, तिचं बोलणं परत म्हणून दाखवलं गेलं.

"आता... घरी येतो."

बिट्टी उठली, चवड्यांवर उभी राहिली, आणि तिने दाराची कडी काढून ठेवली.