गुळवेलीवरची काळी अंडी

संत्र्यावरचा पतंग फळात सोंड खुपसून रस पितो आणि फळ गळून पडतं. पण या चोराचं बिऱ्हाड बागेत नसतं, जंगलातल्या गुळवेलीवर असतं. तिथे तो अंडी घालतो आणि मोहरीहून बारीक एक माशी त्या अंड्यांवर टपलेली असते. ती आपलं अंडं त्यांच्या आत घालते. मग पतंगाचं अंडं काळं पडतं आणि त्यातून अळी नव्हे, माशीच बाहेर येते. तीच जिवंत आणायला आम्ही निघालो होतो.

आम्ही म्हणजे कीटकशास्त्रज्ञ मेघाताई, रोहण्याचे संत्रेवाले तानबाभाऊ आणि मी, वर्ध्याच्या प्रयोगशाळेतला मदतनीस धर्मेंद्र. मेघाताईंची अर्धी नोकरी या माशीमागे गेली होती. यंदा ती पैदाशीसाठी हाती लागली नाही तर काम गुंडाळायचं, असं वरून कळलं होतं.

पावसाळा सरत आला होता, तरी डोंगरातला नाला ऐन भरात होता. दोर बांधून उतरलो. मधोमध माझा पाय घसरला! तानबाभाऊंनी कॉलर धरून मला काठावर ओढलं, पण माझ्या हातातली कात्री-चिमट्याची पेटी वाहून गेली.

"पोवता येत नाई तं आधी सांगाचं ना बे!"

पलीकडे गवत कमरेएवढं. डास आणि गोचिडांचा नुसता उच्छाद! मेघाताईंनी पिशवीतून निंबोळीचं तेल काढलं आणि तिघांच्याही हातापायांना चोपडायला लावलं. जन्मभर शेतकऱ्यांना निंबोळी अर्क फवारायला सांगणारी बाई, दुसरं काय काढणार!

बरंच भटकल्यावर एका सागावर चढलेली गुळवेल दिसली. पानांखाली काळी अंडी होती! मेघाताईंनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"धर्मेंद्र, हाताले कायचा वास येऊन राह्यला?"

"निंबाचा."

"तेच तं! हे तेल लागलं तं माशी अंड्यातच मरन."

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! माती चोळली, पाला चोळला, पण वास काही हटेना. तानबाभाऊ कपाळाला हात लावून खाली बसले. मेघाताई मात्र क्षणभर वेलीकडे बघत राहिल्या. मग दोन्ही हात पाठीशी बांधले, मान पुढे केली आणि दातांनी देठ तोडला! मी उघडा डबा धरला, पान आत पडलं. गुळवेल म्हणजे कडू जहर. त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मला हसू आवरेना.

"हासतं का! डबा धर नीट."

तिसरं पान दातात असतानाच तानबाभाऊ कुजबुजले, "हालू नोका! अस्वल!"

समोरच्या वारुळाशी ते काळं धूड उभं होतं. त्यानं मान वर केली. हुंगलं. दोन पावलं पुढे आलं! मेघाताई दगडासारख्या उभ्या, कडू लाळ हनुवटीवरून ओघळत होती, पण पान काही सुटलं नाही. अस्वलाने फुत्कार टाकला आणि पुन्हा वारूळ उकरायला लागलं. आम्ही मागे मागे सरकत निघालो. ते पान त्यांनी उतारावर पोहोचल्यावरच डब्यात टाकलं.

वर्ध्याला ती पानं काचेच्या नळ्यांत ठेवली. मेघाताई नळ्यांजवळून हलायला तयार नव्हत्या, जेवणसुद्धा तिथेच. एका सकाळी काचेवर काळे ठिपके चालताना दिसले. त्यांनी तानबाभाऊंना फोन लावला.

"भाऊ, निंघाल्या! जित्या निंघाल्या!"

"किती हायेत, म्याडम?"

"थांबा थोडं," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ता मले काईच दिसून नाई राह्यलं."