पाचव्या मजल्यावरची खोली

“मला भ्रम व्हायला लागलाय की नाही, एवढंच शोधून द्या,” सोफ्याच्या कडेवर बसत यहया परकार म्हणाले.

पंच्याहत्तरीकडे झुकलेले परकार अबुधाबीहून बसने शारजाला आले होते, घरात कुणालाही न सांगता. रत्नागिरीकडचा माणूस, उभी हयात बोटीवर गेलेली. चहाचा कप त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

अजरा मुकादमने विमा कंपनीत खोटे क्लेम पकडण्यात बरीच वर्षं घालवली होती. नोकरी सोडल्यावर ओळखीपाळखीचे लोक आपली कोडी घेऊन तिच्याकडे येत. तिचा नवरा हनीफ अशा वेळी शेजारी बसायचा आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

“पहिल्यापासून सांगा, चाचा,” अजरा म्हणाली.

सुटीत ते सगळे स्पेनला, मालागाला गेले होते. मुलगा फहद, सून फिझा, छोटी नात, लग्न न झालेली मुलगी यमना आणि ते स्वतः. भर शहरातलं, बंदराजवळचं उंची हॉटेल. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. एक फहद-फिझाची, एक यमना आणि नातीची, एक परकारांची. प्रत्येक खिडकीतून समुद्र दिसायचा.

“दुपारी जेवून सगळे आडवे झाले. मी बंदरावर जहाजं बघायला गेलो. परत आलो, दाराला कार्ड लावलं, तर लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. खाली गेलो. काउंटरवरच्या बाईने कार्ड मशीनला लावून बघितलं, हसली, आणि मला लिफ्टने वर घेऊन गेली. पाचव्या मजल्यावर.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“तिला माझी भाषा कळेना, मला तिची. तिने कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, दार उघडलं आणि ती गेली. आत बघतो तर माझी बॅग नाही, कपडे नाहीत. खिडकीत समुद्र नाही, चर्चचा मनोरा! पलंगावरच्या उशा टेबलावर रचलेल्या. खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवलेली, टेबलाकडे तोंड करून. कार्ड तिथेच टाकून मी खाली आलो आणि लॉबीत बसून राहिलो. फहदने मला तिथून नेलं. त्याच्याकडे माझ्या खोलीचं जादा कार्ड होतं. दार उघडलं, तर सगळं जागच्या जागी. समुद्रसुद्धा.”

“मग?”

“मग काय! परवा मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. गाडीची चावी काढून घेतलीय. फहद म्हणतो, गावी धाकट्या भावाकडे राहा, तिथे लक्ष ठेवायला माणसं आहेत.” त्यांचा आवाज खाली गेला. “बाई, वादळात दिशा चुकलो नाही मी कधी. आता स्वतःच्या डोळ्यांची भीती वाटते.”

अजरा उठली. “हनीफ, गाडी काढ. यल्ला, निघू या.”

अबुधाबीच्या वाटेवर परकार मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. हनीफ हळूच म्हणाला, “पोराचंच काम आहे हे. म्हाताऱ्याला वेडा ठरवायचं आणि गावी पाठवायचं.”

“बघू,” अजरा म्हणाली.

फहदने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “अब्बा! सकाळपासून शोधतोय आम्ही! फोन का घरी ठेवलात?” त्याने वडिलांचे दोन्ही हात धरले ते सोडेचना. हनीफ खाकरला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

परकार आपल्याकडे का आले होते, हे अजराने सांगितल्यावर फहद थकून खुर्चीत बसला. “आंटी, मला काय हौस आहे का? पण लॉजिकली बघा. हॉटेलचं कार्ड आपलीच खोली उघडतं. आमच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर. मग पाचव्यावरचं दार उघडेलच कसं? आणि उशा टेबलावर कोण रचतं? रिसेप्शनला विचारलं, तर शिफ्ट बदललेली. कुणालाच काही माहीत नाही.”

“कार्डावर खोलीचा नंबर असतो?”

“नाही. सगळी एकसारखी, निळी.”

फिझा मोबाइल घेऊन आली. “त्या संध्याकाळचा फोटो आहे. अब्बा सापडले म्हणून मीच काढला.”

लॉबीतला फोटो. फहद टी-शर्टमध्ये, घामेजलेला. मधे बावरलेले परकार. कडेला यमना, केस घट्ट बांधलेले, काळा ब्लेझर, पांढरा शर्ट. खाली मात्र फुलाफुलांचा पायजमा आणि समुद्रावरच्या चपला.

“ब्लेझर?” अजराने विचारलं.

फिझा हसली. “एसीत थंडी वाजत होती म्हणे तिला.”

“आणि चाचांचं कार्ड? ते तर त्या खोलीत राहिलं होतं ना?”

“छे, तोही भासच. कार्ड यमनाने रात्री परत दिलं. दुपारी जेवणाच्या टेबलावर राहिलं होतं म्हणाली.”

यमना आतल्या दारात उभी होती. तिशीची, आर्किटेक्ट. अजराने विचारलं, “त्या दुपारी तू कुठे होतीस, बेटा?”

“झोपले होते,” ती म्हणाली. वडिलांकडे मात्र तिने पाहिलं नाही.

अजराने सगळ्यांना बसायला सांगितलं.

“चाचांचं कार्ड जेवणाच्या टेबलावर राहिलं होतं, असं यमना म्हणते. ते खरं मानू. मग काउंटरवरच्या बाईच्या हातात चाचांनी कोणतं कार्ड दिलं?”

फहदने फिझाकडे पाहिलं.

“त्यांच्या हातात एक कार्ड होतं हे नक्की. त्याने त्यांचं दार उघडलं नाही, कारण ते त्यांचं नव्हतंच. जेवताना दोन निळी कार्डं अदलाबदल झाली. बाईने नाव न विचारता कार्ड मशीनला लावलं. मशीनने पाचवा मजला सांगितला, तिने चाचांना तिथे पोहोचवलं. चाचांनी जे पाहिलं ते सगळं खरं होतं.”

परकारांनी सोफ्याचा हात घट्ट धरला.

“पण पाचव्या मजल्याचं कार्ड आमच्यात कुणाकडे असणार?” फहद म्हणाला.

“चाचांचं कार्ड ज्याच्याकडे गेलं, त्याच्याकडेच. रात्री ते कुणी आणून दिलं?”

सगळ्यांच्या माना यमनाकडे वळल्या.

“आता त्या उशा. उशांवर लॅपटॉप ठेवला की कॅमेरा चेहऱ्यासमोर येतो. मागे कोरी भिंत. वर ब्लेझर, खाली पायजमा, कारण कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही. दुपारभर झोपलेली मुलगी संध्याकाळी अशी तयार होत नाही. यमना, इंटरव्ह्यू होता ना?”

यमनाने मान खाली घातली.

“रॉटरडॅमच्या फर्मचा,” ती म्हणाली. “बंदरांची डिझाइन्स करतात ते. तारीख पुढे ढकलत नव्हते. माझ्या खोलीत छोटीची दंगल, म्हणून मी सकाळीच वरची खोली घेतली, सगळं मांडून ठेवलं. जेवणानंतर वर गेले तर कार्ड लागेना, म्हणून रिसेप्शनला फोन करून नवीन मागवलं. आत गेले तर जुनं कार्ड जमिनीवर. तेव्हाच कळलं, अब्बा येऊन गेले.”

“आणि तू गप्प राहिलीस?” फहद ओरडला. “अब्बांना वेडं ठरवलं आपण!”

“सांगितलं असतं तर खोली कशाला घेतलीस, हे विचारलं असतंत! अम्मी गेल्यापासून मी अब्बांजवळ राहायचं, हे तुम्ही ठरवूनच टाकलंय. वाटलं, दोन दिवसांत विसरतील सगळे. मग डॉक्टरचं निघालं, गावी पाठवायचं निघालं... रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज जीभ उचलायची नाही.” ती रडू लागली. “अब्बा, माफ करा.”

परकारांनी तिच्याकडे पाहिलं. मग छातीतून एवढा मोठा उसासा निघाला, की फिझा दचकून पुढे आली.

“म्हणजे मी ठीक आहे,” ते म्हणाले. “खलास, विषय संपला. मी ठीक आहे!” आणि ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“अब्बा, राग नाही आला?”

“येईल. उद्या येईल, इन्शाल्ला. आज जागा नाही.” त्यांनी तिला जवळ बसवलं. “नोकरी मिळाली का?”

यमनाने होकारार्थी मान हलवली. “काल मेल आला. अजून उत्तर दिलेलं नाही.”

“दे. मी बोटीवर गेलो तेव्हा तुमच्या आजीने महिनाभर अबोला धरला होता. तरी गेलोच ना?”

फहद काही बोलणार होता, पण फिझाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती चहा टाकायला आत गेली. हनीफ अजराला हळूच म्हणाला, “मला पोराचाच संशय होता.”

“माहितीये,” ती म्हणाली.

चहा आला तेव्हा फहद घसा साफ करून वडिलांकडे वळला. “अब्बा, माझंही चुकलं. मी...”

परकारांची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं. ते चक्क घोरत होते.

फहदने उठून पडदा ओढला. यमनाच्या खांद्यावर त्यांचं डोकं होतं. ती तशीच, न हलता बसून राहिली.