एच-बाराचा रंग

आमच्या प्रयोगशाळेत शेवटचा शब्द निळ्या रंगाचा असतो. क्षयाच्या जंतूचा एक निरुपद्रवी चुलतभाऊ आम्ही वाढवतो, कारण खऱ्या जंतूला हात लावायची परवानगी आम्हाला नाही. पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट, तिला शहाण्णव बारके खळगे. खळग्यांत जंतू घालायचे, त्यांवर नव्याने बनवलेलं एकेक रसायन, आणि दोन दिवसांनी निळा रंग. जंतू जिवंत असतील, श्वास घेत असतील, तर निळ्याचा गुलाबी होतो. मेले असतील तर निळा तो निळाच. गुलाबी झालेला रंग परत निळा होत नाही. दह्याचं दूध होत नाही, तसंच.

शेवटचा रकाना मात्र कोरा ठेवतात. त्यात जंतू नाहीत, रसायन नाही, नुसतं पोषक पाणी आणि रंग. तो निळाच राहायला हवा. नाही राहिला तर अख्खी प्लेट बाद.

सायबर चौकाजवळच्या एका संशोधन केंद्रात मी नऊ वर्षं हे काम करतेय. स्वभावाने तिरसट आहे, मोजमापाच्या बाबतीत जरा जास्तच. गेल्या हिवाळ्यात आमचं एकतीस नंबरचं रसायन फार चांगलं निघालं. सलग तीन प्लेटा स्वच्छ आल्या की ते मोठ्या प्रयोगशाळेत, खऱ्या जंतूवर तपासायला जाणार होतं.

माझा थोरला भाऊ अमरदादा तेव्हा शिरोलीला त्याच्या घरी अंथरुणावर होता. बावीस वर्षं लोखंड ओतायच्या फौंड्रीत, साच्यांच्या वाळूच्या खात्यात काढली, आणि शेवटी क्षय झाला तोही हट्टी, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. नवीन गोळ्या सुरू करून महिना झाला होता, फरक नव्हता. दर रविवारी मी गेले की तो विचारायचा, तुझं औषध कधी येणार? खरं उत्तर दहा वर्षं असं होतं. मी म्हणायचे, बघूया. हे औषध त्याच्यासाठी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी प्रत्येक प्लेट मी त्याच्यासाठीच लावत होते. याची मला लाज वाटत नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी एच-बारा, म्हणजे कोऱ्या रकान्यातला अगदी शेवटचा खळगा, गुलाबी निघाला.

पोषक पाणी निसारमामा बनवतात. तीस वर्षांचा हात आहे त्यांचा. मी सरळ त्यांच्यावर घसरले. काही सांडलं असेल, उघडं राहिलं असेल, तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका म्हटलं. त्यांनी हातातली बाटली धुऊन पालथी घातली. मी खळग्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घातला. काही नव्हतं. तोच थेंब वाढवायला ठेवला. आठवडाभर काहीही उगवलं नाही.

पुढच्या वेळी पाणी मी स्वतः बनवलं. नवीन खोका फोडून नवीन प्लेट घेतली. एच-बारा पुन्हा गुलाबी.

आता मात्र मी गोंधळले. निसारमामांची माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही. दोन प्लेटा बाद झाल्या होत्या. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत स्वच्छ प्लेट दाखव, नाहीतर एकतीस पुढच्या वर्षावर गेलं. पुढचं वर्ष दादाच्या वाट्याला होतं की नव्हतं, कोण जाणे.

गुरुवारी सकाळी दहाला रंग घातला आणि प्लेटसमोर स्टूल घेऊन बसले. बाहेर रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यांच्या धक्क्याने खिडकीची काच थरथरत होती. बाराला एच-बारा गुलाबी झाला. अपेक्षेप्रमाणे म्हणून मी वहीत नोंद केली.

साडेबाराला तो निळा होता.

मी चष्मा पुसला. मोबाईलवर दर दहा मिनिटांनी फोटो काढायला लागले. गुलाबी, फिकट, निळा, पुन्हा गुलाबी. शेजारचे खळगे जसेच्या तसे होते. तीन वाजेपर्यंत दहा मिनिटं फार मोठी वाटायला लागली, कारण रंग आता बघता बघता बदलत होता. मी निसारमामांना बोलावलं. त्यांनी वाकून बराच वेळ बघितलं.

"धाप लागल्यागत हाय की, ताई," ते म्हणाले.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. दादाला दुपारपासून दम लागलाय, पुन्नीशी बोलायचंय म्हणतोय. पुन्नी म्हणजे मी. तिने फोन त्याच्या उशाशी ठेवला. मी आवाज मोठा केला. आधी नुसता श्वास ऐकू आला, ओढलेला, चाळणीतून वाळू गाळावी तसा.

श्वास आत गेला की खळगा निळा पडत होता. बाहेर आला की गुलाबी.

योगायोग असणार. नऊ वर्षं प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या मुलांना मी हेच शिकवतेय, योगायोग वाटला तर तपासून बघा.

"दादा, जरा दम धर."

"आं?"

"श्वास रोखून धर."

"कशाला गं?"

"धर म्हणतीय न्हवं."

फोन शांत झाला. खळगा निळा झाला आणि निळाच राहिला. मी सातपर्यंत मोजलं.

"सोड."

तो खोकत सुटला. एच-बारा रक्तासारखा लालसर झाला.

मला भीती वाटली. दादाची नाही, खळग्याची नाही, माझ्या हाताची. कारण हात आपोआप एकतीसच्या कुपीकडे गेला होता.

निसारमामांनी माझं मनगट धरलं. तीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नसेल.

"ताई, त्यात कोन हाय, ठावं न्हाय. आनि तुमी मारायला निघालाय."

"रोग हाय," मी म्हणाले. "रोगच असणार."

पण मला कळत नव्हतं. रंगाला रोग आणि माणूस यांतला फरक समजत नाही. त्याला फक्त जिवंतपण समजतं.

फोनमध्ये दादा म्हणाला, "पुन्ने, आता न्हाय सोसत."

मी मनगट सोडवून घेतलं आणि एक थेंब सोडला.

खळगा थोडा वेळ गुलाबी राहिला.

मग निळा झाला.

फोनवर काही नव्हतं. श्वास नाही, खोकला नाही. मी "दादा" म्हटलं. पुन्हा म्हटलं. पलीकडे वहिनीच्या बांगड्या वाजल्या.

"पुन्ने," दादाचा आवाज आला, अगदी मोकळा, "छाती हलकी झाली बघ."

मॅडमनी मुदत वाढवून दिली आणि त्यानंतरच्या तिन्ही प्लेटा स्वच्छ आल्या. एकतीस नंबर पुढे गेला. दादाच्या थुंकीचा रिपोर्ट महिन्याभरात स्वच्छ आला. डॉक्टरांनी श्रेय नवीन गोळ्यांना दिलं, आणि ते बरोबरही असेल. निसारमामांची मी अखेर माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण दादाची चौकशी केली नाही.

रिपोर्टनंतरच्या रविवारी शिरोलीला गेले. दादा दाढी करून अंगणात खुर्चीवर बसला होता. वजन वाढलं होतं. पुढच्या महिन्यापासून कामावर जायचं म्हणत होता, वाळूचं खातं नको, स्टोअरला बसवा म्हणून सांगितलंय म्हणाला. मला रडू येईल असं वाटलं. जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं मला खरंच वाटत होतं.

वहिनीने चहा आणला. दादाने नेहमीप्रमाणे बशीत ओतला आणि फुंकर घातली.

त्याचे गाल फुगले, ओठांचा चंबू झाला. बशीतली वाफ सरळ वर गेली. चहावर आलेली साय हलली नाही.

त्याने पुन्हा फुंकर घातली. मग पुन्हा.

वहिनीने माझ्याकडे न बघता त्याच्या हातातली बशी घेतली, स्वतः फुंकून चहा निववला आणि परत त्याच्या हातात दिली. रोजचंच काम असावं तशी.