तिसऱ्या खुर्चीची पाळी

रविवारी दुपारी फर्मिना मावशीकडे जेवायला जायचं, यात डोमितिलाला नवं काहीच नव्हतं. काय्याओ बंदरातल्या त्या गल्लीत अर्धा मोहल्ला रविवारी तिथेच जेवायचा. सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर काजळी धरलेली एका संताची तसबीर. नवं एवढंच होतं की आज दीर, अब्दोन, तिला एकटीलाच घेऊन आला होता, आणि वाटेत त्याने तिला दोनदा नावाने हाक मारली होती. इतकी वर्षं वहिनी म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून तिला कसंसंच झालं.

तो लग्नाचं विचारणार हे तिला ठाऊक होतं. हो म्हणायचं तिने जवळजवळ ठरवलंही होतं. तिच्या नवऱ्याला, निकानोरला, समुद्राने नेलं त्याला वर्ष होऊन गेलं. देह मिळाला नाही, बायकांनी रिकाम्या पेटीपुढे रडून घेतलं. अब्दोन वाईट नव्हता. तिच्या घराचं छप्पर त्यानेच शाकारलं होतं. फक्त एक गोष्ट तिला टोचायची. त्या रात्री होडीवर दोघेच भाऊ होते, आणि अब्दोनने ती रात्र जितक्या वेळा सांगितली तितक्या वेळा ती वेगळी निघाली. कधी लाट आली तेव्हा तो झोपलेला असायचा, कधी जाळं ओढत असायचा. दुःखात माणूस गोंधळतो, असं ती स्वतःला समजवायची. पण मनातली शंकेची पाल काही गप्प बसत नव्हती.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की भरदुपारी मावशीने दिवे लावले होते. दोघे समोरासमोर बसले. भिंतीकडे पाठ केलेली मधली खुर्ची रिकामी राहिली.

मावशीने लिंबात मुरवलेली मासळी आणली, भाजलेला मका आणला, बिअरची एक बाटली आणली आणि एक ग्लास.

"काय रे अब्दोन, नवा सदरा? वहिनीबरोबर जेवायला का कुणाच्या लग्नाला?"

"मावशी, तू आपलं सूप बघ."

मावशी हसत गेली. अब्दोनने ग्लास भरला, बाटली पुढच्याकडे दिली, बिअर प्यायला, उरलेला फेस जमिनीवर झटकला आणि ग्लासही पुढे केला. पिण्याची हीच पद्धत. एकाच ग्लासाने पाळी फिरते आणि बाटली ग्लासाच्या पुढे चालते.

फक्त अब्दोनने बाटली डोमितिलाकडे दिली नाही. त्याने ती मधल्या खुर्चीकडे धरली.

जुनी सवय, तिला वाटलं. तिघे यायचे तेव्हा अब्दोननंतर निकानोरची पाळी असायची आणि मग तिची. अब्दोन तर त्या खुर्चीकडे बघतही नव्हता. तो मासळीवर लिंबू पिळत होता... दोन्ही हातांनी.

मग ग्लास कुठे होता?

बाटली तिच्या उजव्या हाताशी आली. मधल्या खुर्चीच्या बाजूने. पाठोपाठ ग्लास. तिने हात पुढे करून दोन्ही घेतलं, सवयीनेच घेतलं, आणि मग तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ग्लास रिकामा होता. काठाला फेस होता. आणि त्या फेसाला बिअरचा वास नव्हता. भरती ओसरल्यावर धक्क्याखाली येतो तो वास होता.

ती वाकली. अब्दोनच्या पायाशी ओल होती, त्याने झटकलेल्या फेसाची. रिकाम्या खुर्चीखालीही ओल होती. ती हळूहळू पसरत होती.

"आज तहान लागलीय वाटतं," मावशी लांबूनच म्हणाली. "दुसरी आणू?"

अब्दोनचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणजे यालाही दिसतंय, तिने ताडलं. कदाचित रोजच दिसत असेल.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "त्या रात्री तुम्ही झोपला होतात... का जाळं ओढत होतात?"

"डोमितिला..."

"वहिनी म्हणा."

तो बोलला, पण तिच्याशी नाही. मान खाली घालून त्या खुर्चीशी बोलला.

"होडी उलटली असती रे... जाळ्यात अडकला होतास तू... दोर कापला नसता तर दोघेही गेलो असतो..."

"तो जिवंत होता?" डोमितिलाने विचारलं.

"हाक मारत होता."

तिला रडू आलं नाही. राग आला, असा की हातातला ग्लास त्याच्या तोंडावर फेकावा. वर्षभर या माणसाने तिच्या घरचं जेवण जेवलं होतं.

"जा," ती म्हणाली. "माझ्यासमोरून जा."

अब्दोन उठला. दाराजवळ म्हातारा सेवेरो एकटाच सूप पीत बसला होता. कितीही घाबरला तरी या गल्लीतला माणूस जेवणाऱ्याला काही न म्हणता पुढे जात नाही.

"सावकाश होऊ द्या," अब्दोन पुटपुटला.

"हो बाळा," सेवेरो म्हणाला आणि अब्दोन बाहेर पडला.

सेवेरोने चमचा उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि पुन्हा मान वर केली. दारात कुणीच नव्हतं.

"हो बाळा," तो त्या रिकाम्या दाराला म्हणाला. "पण आधी अंग पूस रे. केवढा भिजलायस."

डोमितिला खुर्ची लोटून दाराकडे धावली. निकानोर वर्षाने आला, म्हाताऱ्याशी बोलला, आणि तिच्याशी एक शब्द नाही. भीतीपेक्षा तेच तिला जास्त लागलं.

धुक्यात अब्दोनची पाठ दिसत होती. त्याचं घर डावीकडे होतं आणि तो उजवीकडे, धक्क्याकडे निघाला होता. तिने हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक कुणाला मारायची, आणि मारून काय म्हणायचं, हेच तिला सुचेना.

कोपऱ्यावर रस्ता अरुंद होतो. तिथे अब्दोन थांबला, भिंतीला चिकटून उभा राहिला आणि मागून येणाऱ्याला त्याने पुढे जायला वाट करून दिली. मग तो त्याच्या मागोमाग चालू लागला.